आईसाठी मिस्सा आणि मामांचा प्रश्न

आईला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा तिच्या नावाने मिस्सा, म्हणजे आम्हा कॅथलिकांची वेदीवरची उपासना, ठेवायची म्हणून मी इंदूरच्या लाल चर्चमध्ये जाऊन नाव लिहून आले. त्याच संध्याकाळी मामा घरी आले. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. मूळ नगरचे, निवृत्त शिक्षक, आता मुलाकडे इंदूरलाच असतात आणि दर रविवारी प्रोटेस्टंटांच्या व्हाइट चर्चला जातात. मिस्सेचं ऐकल्यावर त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. म्हणाले, "अगं, ताई प्रभूजवळ गेली. आता तिच्यासाठी कसली प्रार्थना? पवित्र शास्त्रात कुठं लिहिलंय, मला दाखव."

मामांच्या आवाजात राग नव्हता. बहिणीची काळजी होती आणि माझीही. आई त्यांच्याच घरातली, प्रोटेस्टंट संस्कारात वाढलेली. श्रीरामपूरकडच्या कॅथलिक मुलाशी लग्न करून हुकुमचंद मिलच्या पगारावर संसार करायला इंदूरला आली आणि कॅथलिक झाली. मामांच्या मनात ती बोच कुठेतरी राहिली असणार. म्हणून मी वाद टाळला नाही. आतून बायबल आणलं आणि मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय उघडून त्यांच्यासमोर ठेवला.

मामांनी त्यांच्या पिशवीतलं बायबल काढलं. लाल पेन्सिलच्या खुणांनी भरलेलं, पुठ्ठ्याला कापडी पट्टी डकवलेलं. अनुक्रमणिकेवरून त्यांचं बोट सावकाश खाली सरकलं: एज्रा, नहेम्या, एस्तेर, ईयोब. मक्काबी नाहीच. पुन्हा एकदा वरपासून पाहिलं. "हे आमच्यात नाही," ते म्हणाले. त्यांच्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं, माझ्यात ७३.

त्या रात्री आमचं बोलणं तिथेच थांबलं, पण मला जे म्हणायचं आहे ते नेमकं तिथेच सुरू होतं. "शास्त्रात कुठं लिहिलंय?" हा प्रश्न आम्हा कॅथलिकांना आयुष्यभर विचारला जातो. मरियेबद्दल, संतांबद्दल, जपमाळेबद्दल, फादरांपुढे पाप सांगण्याबद्दल. आपल्यातले बरेच जण उत्तर माहीत नसल्यामुळे खाली मान घालतात. पण या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न उभा आहे. शास्त्र म्हणजे कोणती पुस्तकं, हे कुठं लिहिलंय?

मक्काबींच्या त्या अध्यायातला प्रसंग साधा आहे. लढाईनंतर यहुद्यांचा सेनापती यहूदा मक्काबी मेलेल्या सैनिकांना पुरायला जातो, तर त्यांच्या अंगरख्यांखाली यामनियाच्या दैवतांचे ताईत सापडतात. आपलेच लोक, देवासाठी लढता लढता मेलेले, आणि असे चुकलेले. यहूदा त्यांना शिव्याशाप देत नाही. लोकांकडून चांदीचे दोन हजार द्राख्म गोळा करून पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवतो. लेखक पुढे म्हणतो की मेलेले पुन्हा उठतील अशी आशा नसती, तर त्यांच्यासाठी प्रार्थना करणं व्यर्थ ठरलं असतं. येशूच्या जन्माच्या शंभरएक वर्षं आधीचे यहुदी आपल्या मृतांसाठी प्रार्थना करत होते, याचा हा लेखी पुरावा. हे पुस्तक ईश्वरप्रेरित मानू नका हवं तर, पण इतिहास म्हणून तरी त्याची साक्ष उरतेच.

मग हे पुस्तक मामांच्या बायबलमध्ये का नाही? प्रामाणिकपणे सांगायचं तर या पुस्तकांबद्दल शंका सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने प्रथम काढली असं नाही. चौथ्या शतकात बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या संत जेरोमलाही यहुद्यांच्या हिब्रू यादीबाहेरची पुस्तकं बाजूला ठेवावीशी वाटत होती. पण ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च, ती पुस्तकं उपासनेत वाचत होती, आणि ३९३ मध्ये हिप्पो व ३९७ मध्ये कार्थेज इथल्या धर्मसभांनी त्यांना यादीत जागा दिली. अकराशे वर्षांहून जास्त काळ पश्चिमेकडच्या ख्रिस्ती लोकांच्या बायबलमध्ये ती होती. १५१९ मध्ये लाइपझिगच्या वादात रोमच्या बाजूचा धर्मशास्त्री योहान एक (Eck) याने नेमका मक्काबींचा हाच उतारा ल्यूथरपुढे ठेवला, तेव्हा ल्यूथरने त्या पुस्तकाचं प्रमाणच नाकारलं. तरी १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलमध्ये त्याने ही पुस्तकं छापली, वेगळी काढून, पण वाचायला चांगली आणि उपयोगी म्हणून. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलमध्येही ती होती. १८२६ मध्ये लंडनच्या ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने ठरवलं की ही पुस्तकं असलेल्या बायबलवर आपला पैसा खर्च करायचा नाही. जगभरच्या भाषांत जी बायबलं घरोघर गेली, त्यातली कितीतरी याच सोसायटीच्या हातून गेली. मामांचं बोट ज्या अनुक्रमणिकेवरून फिरलं, तिच्यामागे एवढा सगळा माणसांचा इतिहास आहे.

नव्या कराराचंही तसंच. २७ पुस्तकांची जी यादी आज आपण सगळे, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, न कुरकुरता मानतो, ती नेमकी तशी प्रथम आढळते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या ३६७ सालच्या पत्रात. त्याआधी कुठल्या मंडळीत प्रकटीकरणाबद्दल शंका, कुठे इब्री लोकांस पत्राबद्दल, कुठे पेत्राच्या दुसऱ्या पत्राबद्दल. उलट आज बायबलमध्ये नसलेली काही पुस्तकं काही ठिकाणी भक्तीने वाचली जात. या तीनशे वर्षांत माणसं बाप्तिस्मा घेत होती, प्रभुभोजन साजरं करत होती, सिंहांपुढे टाकली जात होती. त्यांच्या हातात शिक्का मारलेली यादी नव्हती. त्यांच्याकडे होती ती प्रेषितांकडून आलेली शिकवण आणि ती सांभाळणारी ख्रिस्तसभा.

मामांसारखे अभ्यासू प्रोटेस्टंट यावर म्हणतात की ख्रिस्तसभेने शास्त्र निर्माण केलं नाही, फक्त ओळखलं. मला हे मान्य आहे. आमची शिकवणही तीच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट लिहिलं की ख्रिस्तसभेचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, तो वचनाचा सेवक आहे. पण जरा घरातलं उदाहरण घ्या. आजोबांच्या मागे पत्रांची पेटी राहिली. त्यातली खरी कोणती, दुसऱ्या कुणी त्यांच्या नावावर लिहिलेली कोणती, हे आत्याने सांगितलं, कारण ती त्यांच्याजवळ राहिली होती. आपण तिच्या शब्दावर विश्वास ठेवून पत्रं छातीशी धरली. मग तीच आत्या म्हणाली की आजोबा जेवणाआधी अमुक प्रार्थना म्हणायचे, तर "ते पत्रात कुठं आहे?" म्हणून तिला गप्प करायचं? पत्रं ओळखण्यापुरती ती विश्वासू, आणि बाकी सगळ्यात चुकलेली, असं कसं होईल?

प्रेषित पौलाने तर थेस्सलनीकाकरांना दुसऱ्या पत्रात सरळ सांगितलं की जे तोंडी आणि जे पत्राद्वारे शिकवलं, ते दोन्ही धरून राहा. तीमथ्याला लिहिताना सत्याचा स्तंभ आणि पाया असं तो म्हणतो ते जिवंत देवाच्या मंडळीला. हे दोन्ही संदर्भ मामांच्याच बायबलमध्ये आहेत. मी पाहिलं, तिथे लाल पेन्सिलची खूण नव्हती.

प्रत्येकाने पवित्र आत्म्याच्या मदतीने स्वतः वाचावं, अर्थ उघडा आहे, असं म्हणतात. वाचावं हे खरंच. पण १५१७ मध्ये ल्यूथरने रोमविरुद्ध आवाज उठवला, त्यानंतर बाराच वर्षांनी, १५२९ मध्ये, जर्मनीतल्या मारबुर्गला ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. दोघंही विद्वान, दोघंही रोमपासून वेगळे झालेले, दोघांच्या हातात तेच शास्त्र. "हे माझे शरीर आहे" या शब्दांचा अर्थ काय, यावर त्यांचं जमलं नाही. ल्यूथरने ते शब्द टेबलावर खडूने लिहून ठेवले होते आणि तो तिथून हलला नाही. त्या एका वाक्यावर, तेही प्रभूच्या मरणाआधीच्या रात्रीच्या वाक्यावर, निवाडा कोण देणार? आमच्याकडे हे वाक्य कसं ऐकलं जात होतं याची साक्ष आहे. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नासियस, रोमला मरायला नेला जात असताना, स्मुर्णाच्या मंडळीला लिहितो की ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत दिली जाणारी भाकर, हे आपल्या तारणाऱ्या येशू ख्रिस्ताचं शरीर आहे. योहान प्रेषिताच्या पिढीला लागून असलेला हा माणूस. त्याचं ऐकायचं की चौदाशे वर्षांनंतरच्या झ्विंग्लीचं, हे मला फार अवघड वाटत नाही.

पण मी आईकडे परत येते.

३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात एक बाई तापाने अंथरुणाला खिळली होती. घर आफ्रिकेत, समुद्रापलीकडे. परक्या गावात आपल्याला पुरतील याचं तिला काही वाटेनासं झालं होतं. ती मुलांना म्हणाली, हे शरीर कुठेही ठेवा, त्याची काळजी करू नका. एवढंच मागते, जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण करा. तिचं नाव मोनिका, आणि ज्या मुलाने हे लिहून ठेवलं तो ऑगस्टीन. ल्यूथर ऑगस्टीनच्या नावाच्या संघातला संन्यासी होता. प्रोटेस्टंट धर्मशास्त्री ऑगस्टीनला फार मानतात, योग्यच आहे. पण त्या मुलाने आईची इच्छा अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारली नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाने वेदीपाशी मोनिकेची आठवण ठेवावी, अशी त्याने उलट विनंती केली. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनला ही प्रथा पटत नव्हती, तरी मृतांसाठी प्रार्थना करण्याची चाल तेराशे वर्षांपासून आहे हे त्यालाही आपल्या ग्रंथात कबूल करावं लागलं.

आता पैशाचं. मामा एका वाक्यात बोलले, "आणि वर पाकिटात पैसे घालून देणार." ते मला लागलं, कारण त्यात आमच्या इतिहासाचं खरं पाप आहे. टेट्झेलसारखे लोक जर्मनीत फिरून पापदंडाच्या माफीची पत्रं देत होते आणि पैसा गोळा करत होते. ल्यूथरचा संताप खरा होता. आपण कॅथलिकांनी तो झाकू नये. पण कॅथलिक बिशपांच्या ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये काय म्हटलं तेही वाचावं. मृतांना आपल्या प्रार्थनेचा, विशेषतः मिस्सेचा, आधार मिळतो एवढं ठाम सांगून बिशपांना बजावलं की साध्या लोकांपुढे किचकट प्रश्न काढू नका, आणि अंधश्रद्धा व घाणेरड्या लोभाचा जिथे वास येईल ते बंद करा. पुढे १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी पैशाशी जोडलेल्या अशा माफ्या रद्दच केल्या. ख्रिस्तसभेच्या आजच्या कायद्यातही लिहिलं आहे की गरिबाने काहीही दिलं नाही तरी त्याच्या हेतूसाठी धर्मगुरूने मिस्सा करावी. पाकीट हे अर्पण आहे, किंमत नव्हे. कुठे कुणी ते किमतीसारखं मागत असेल, तर तिथे मामांच्या बाजूने मी उभी राहीन.

मामांचा दुसरा आक्षेप संतांचा. आणि इथे इंदूरच्या माणसाला पुस्तकात जायची गरज नाही.

२५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये सिस्टर राणी मरिया यांना भोसकून मारलं. केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या, वय ४१. देवास जिल्ह्यातल्या त्या भागात सावकाराच्या कर्जात अडकलेल्या आदिवासींना सरकारी कर्ज कसं मिळतं, आपला हक्क कसा मागायचा, हे त्या शिकवत होत्या. ते ज्यांना खुपलं त्यांनी माणूस पाठवला. अंगावर ५४ जखमा. मारणारा समुंदरसिंह जन्मठेपेवर गेला. पुढे राणी मरियांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, त्याला तुरुंगात भेटली आणि तिने त्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केले, २००६ मध्ये तो सुटला. तो केरळात गेला तेव्हा मेलेल्या मुलीच्या आईने त्याच्या हातांचं चुंबन घेतलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये, शाळेच्या मैदानावर, सिस्टरना धन्य घोषित केलं गेलं, ही संतपदाआधीची पायरी. मी तिथे होते. आई व्हीलचेअरवर होती.

सिस्टर राणी मरियांची समाधी उदयनगरच्या चर्चमध्ये आहे. लोक तिथे हात टेकवून प्रार्थना करतात. मामांना हे खटकतं. "हाडांना हात लावून काय मिळतं? मध्यस्थ एकच, ख्रिस्त. आणि हे तर समाधीला जाणाऱ्या हिंदूंसारखंच झालं."

एकच मध्यस्थ, हे तीमथ्याला पहिल्या पत्रातलं वाक्य सोळा आणे खरं. पण तो अध्याय उघडा. पाचव्या ओवीत एकच मध्यस्थ म्हणणारा पौल पहिल्याच ओवीत सांगतो की सर्व माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना, मध्यस्थी करा. मामांना गुडघ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा त्यांनी मंडळीत प्रार्थनेसाठी चिठ्ठी दिली होती. मंडळीतल्या बायांनी प्रार्थना केली म्हणून ख्रिस्ताचं मध्यस्थपद कमी झालं नाही. मग ज्या बाईने प्रभूसाठी रक्त सांडलं, ती मेल्यावर मुकी झाली असं समजायचं? येशू म्हणाला की देव मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा आहे. प्रकटीकरणात वडील मंडळी पवित्र जनांच्या प्रार्थना धुपाच्या सोन्याच्या वाट्यांत धरून आहेत. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात मामाही दर रविवारी "पवित्र जनांची सहभागिता मानतो" असं म्हणतात. ती सहभागिता दफनभूमीच्या फाटकाशी तुटते, असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही.

आणि हाडं? राजांच्या दुसऱ्या पुस्तकात अलीशा संदेष्ट्याच्या अस्थींना लागताच मेलेला माणूस उठून उभा राहिला. प्रेषितांच्या कृत्यांत पौलाच्या अंगावरचे रुमाल रोग्यांवर टाकत. दुसऱ्या शतकात स्मुर्णाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प जाळला गेला, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती लोकांनी त्याच्या अस्थी रत्नांहून मोलाच्या म्हणून वेचून ठेवल्या, आणि लिहून ठेवलं की आराधना आम्ही ख्रिस्ताचीच करतो, हुतात्म्यांवर प्रेम करतो ते प्रभूचे शिष्य म्हणून. आमच्या शिकवणीतला सगळा भेद त्या एका वाक्यात आला. स्मुर्णात ते कुणाचं अनुकरण नव्हतं. रामबागेतल्या माझ्या हिंदू शेजारणीला समाधीपाशी हात जोडणं पटकन कळतं, एवढ्यावरून ते चूक ठरत नाही. प्रेमाच्या माणसाची माती जपावी, हे देवाने माणसाच्या मनात घातलेलं आहे.

हो, मूर्तीचा अतिरेक होऊ शकतो. मोशेने देवाच्याच आज्ञेने केलेला पितळी साप पुढे लोक पुजू लागले, तेव्हा हिज्किया राजाने तो फोडला. ही गोष्ट मी आमच्याच लोकांना सांगत असते, विशेषतः जिथे नवस आधी आणि मिस्सा नंतर असं होतं तिथे. मरियेबद्दलही माझं एवढंच म्हणणं आहे. "प्रणाम मरिया" चे पहिले शब्द देवदूताचे, पुढचे पवित्र आत्म्याने भरलेल्या, मरियेची नातलग असलेल्या अलीशिबेचे, दोन्ही लूकच्या पहिल्या अध्यायातले. सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील हेही तिथलंच. ते म्हणणाऱ्या पिढीत मी आहे.

मामांच्या घराने आम्हाला जे दिलं ते मी विसरत नाही. इंदूरमध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८८७ मध्ये काढलेल्या ख्रिश्चन कॉलेजात कितीतरी मराठी मुलं शिकली. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मराठी बायबलला दिली. नारायण वामन टिळकांची भजनं आई पोळ्या लाटताना म्हणायची, आणि वचनं तोंडपाठ असणं हे तिने माहेरहूनच आणलं होतं. कॅथलिक घरांत बायबल कपाटावर धूळ खात असतं, हा मामांचा टोमणा अनेक घरांबाबत खरा आहे.

वर्षश्राद्धाच्या दिवशी, हा शब्द आमच्यातही चालतो, मामा मिस्सेला आले. शेवटच्या बाकावर बसले, ख्रिस्तप्रसादासाठी पुढे आले नाहीत, आणि मला त्यांचा तो प्रामाणिकपणा आवडला. नंतर आम्ही दफनभूमीत गेलो. मेणबत्ती वाऱ्याने विझत होती, मामांनी वाकून तळहाताचा आडोसा धरला. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणायला सुरुवात केली. "वाइटापासून सोडव" इथे आम्ही थांबलो, कारण जपमाळेत आम्ही तिथेच थांबतो. मामा एकटेच पुढे म्हणत राहिले, कारण राज्य, पराक्रम व वैभव ही सर्वकाळ तुझी आहेत. ही ओळ मत्तयच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. ती पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या उपासनेतून आली, तोंडातोंडी, आणि पुढे पानावर उतरली. आमच्या मिस्सेतही थोड्या अंतराने ती म्हटली जाते. मामांचं वाक्य संपायच्या आत मी त्यांच्या आवाजात आवाज मिसळला. मेणबत्ती अजून त्यांच्या हाताच्या आडोशाला होती.